झडपेचं ऑपरेशन होणारच आहे, मग सोबत 'मेझ' करून घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ४७ वर्षांची, घर सोलापूरच्या पूर्व भागात, पंचवीस वर्षं घरीच बिड्या वळल्या. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली, रुमॅटिक आजाराने (लहानपणीच्या घशाच्या संसर्गानंतर मागे लागणाऱ्या) आवळलेली. टूडी इकोमध्ये झडपेची वाट ०.९ चौरस सेंटिमीटर, सोबत मध्यम गळती आणि कॅल्शियम. वरचा डावा कप्पा ५.२ सेंटिमीटर. अडीच वर्षांपासून एएफ, म्हणजे ठोके अनियमित. गेल्या दिवाळीत अर्धा दिवस तोंड वाकडं झालं होतं, ते आपोआप सरळ झालं. झडप बदलायचं नक्की झालंय. एक सर्जन म्हणतात, त्याच वेळी 'मेझ' ॲब्लेशन करू, म्हणजे एएफ थांबवायला कप्प्याच्या भिंतीवर व्रणाच्या रेषा पाडू. दुसरे म्हणतात, रुमॅटिकमध्ये ते टिकत नाही, कशाला वेळ घालवायचा. मुलाचा सवाल दुहेरी आहे: कोणाचं ऐकायचं, आणि मेझ केलं तर रक्त पातळ ठेवणारी एसिट्रोमची गोळी सुटेल का?

दुसऱ्या सवालाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक घरांत खरा जीव तिथेच अडकलेला असतो. गोळी सुटणार नाही. गोळी सुटावी म्हणून मेझ करायचं मनात असेल तर तो विचार आत्ताच सोडून द्या. आणि तरीही, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मी या बाईंचं मेझ केलं असतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, पण त्यासाठी तीन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात: ठोक्यांचा, अर्धांगाच्या झटक्याचा आणि झडपेचा. ओपीडीत हे तिन्ही एकाच वाक्यात सांगितले जातात आणि नातेवाईक घरी जाईपर्यंत त्यांची खिचडी झालेली असते.

पहिला हिशेब ठोक्यांचा. आईच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बघा. नाडीला ताल नसेल: दोन ठोके चिकटून, मग पोकळी, मग एक जोरात, एक जेमतेम. आम्ही एकाच वेळी नाडी मोजतो आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके मोजतो. मनगटावर ८४ आणि छातीत ११२ असा फरक निघतो. मधले २८ ठोके हृदयाने मारले खरे, पण आत रक्तच भरलेलं नव्हतं म्हणून ते मनगटापर्यंत पोचलेच नाहीत. आवळलेल्या झडपेत हा फरक जास्त जाचतो. निरोगी मायट्रल झडपेची वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, तुमच्या आईची एकाहून कमी. एवढ्याशा फटीतून रक्त खाली उतरायला वेळ लागतो, आणि एएफ नेमका तोच वेळ खातो. म्हणून दोन जिने चढले की दम लागतो. 'वय झालं' हे ४७व्या वर्षी कारण होत नाही.

एएफमध्ये वरचे कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यांच्यातून विजेच्या लाटा मिनिटाला साडेतीनशेच्या वर वेगाने वाट मिळेल तशा फिरत राहतात. अमेरिकेत सेंट लुईसला जेम्स कॉक्स या सर्जननी १९८७ साली यावर पहिलं मेझ ऑपरेशन केलं. मेझ म्हणजे भूलभुलैया. वरचे कप्पे ठरावीक रेषांवर कापायचे आणि परत शिवायचे. शिवणीच्या जागी जो व्रण होतो त्यातून वीज जात नाही. लाटेला गोल फिरायला जागाच उरत नाही; नैसर्गिक ठोक्याला मात्र वरून खाली यायला एक वाट मोकळी राहते.

माळशिरस-पंढरपूरकडच्या शेतकरी रुग्णांना मी हे दारं धरण्याच्या भाषेत सांगतो. रानात पाणी सोडलंय, ते हव्या त्या वाफ्यात जायला हवं, म्हणून बांध घालायचे. बांध कच्चा राहिला, त्याला उंदराचं एक बीळ जरी राहिलं, तरी पाणी तिथून फुटतं आणि भलतीकडेच जातं. मेझचंही तसंच. रेष अर्धवट राहिली की एएफ जाऊन त्या जागी फ्लटर नावाचा दुसरा हट्टी ताल बसतो, आणि तो कधीकधी मूळ दुखण्यापेक्षा जास्त त्रास देतो. अर्धं मेझ करण्यापेक्षा न केलेलं बरं, असं मी ज्युनिअर डॉक्टरांना सांगत आलोय.

आता कापून शिवण्याची गरज सहसा पडत नाही. २००२च्या सुमारास चौथी आवृत्ती आली. तिच्यात बहुतेक रेषा रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे उष्णतेने, ओढतात आणि काही अतिथंड करून. उष्णतेचं हत्यार लांब चिमट्यासारखं असतं. कप्प्याची भिंत दोन जबड्यांत धरायची, पायाने पेडल दाबायचं. मशीनच्या पडद्यावर एक रेघ खाली खाली येत सपाट होते आणि आवाज येतो: भिंत आरपार शिजली. मी तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. चिमटा थोडा सरकवून त्याच जागी दोनदा, तीनदा धरतो. झडपेच्या कडेपाशी चिमटा पोचत नाही, आणि तिथे शेजारूनच हृदयाची एक धमनी जाते. तिथे थंडीचा प्रोब वापरतात. नायट्रस ऑक्साइडवर चालणाऱ्या प्रोबचं टोक उणे ६० अंशांच्या खाली जातं. दोन मिनिटं लावून ठेवलं की भिंतीवर पांढरा बर्फ चढतो आणि प्रोब तिथे चिकटून बसतो. बाहेर सोलापूरचा मे महिना तापत असतो आणि आत हा नखाएवढा हिमालय! तो आपोआप सुटेपर्यंत ओढायचा नसतो, नाहीतर भिंत फाटते.

या सगळ्याला किती वेळ? डाव्या बाजूला साधारण वीस-तीस मिनिटं जास्तीची. झडपेसाठी छाती उघडलेलीच असते, हृदय थांबवलेलंच असतं, वरचा डावा कप्पा उघडावाच लागतो. फुप्फुसातून येणाऱ्या चार शिरांची तोंडं समोर दिसत असतात. एएफची ठिणगी पुष्कळदा याच शिरांच्या तोंडाशी पडते, हे फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिलं. इतकं सगळं उघडं समोर असताना काही न करता परत शिवून टाकायचं, हे मला पटत नाही. नंतर तेच काम मांडीच्या शिरेतून तार घालून करायचं म्हटलं तर रुमॅटिक हृदयात ते जास्त अवघड जातं, आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून.

आता दुसऱ्या सर्जनच्या म्हणण्याकडे येतो. ते उगीच बोललेले नाहीत. रुमॅटिक आजार फक्त झडप खात नाही, कप्प्याची भिंतही खातो. स्नायूच्या जागी चिवट धागे होतात. २०१५ साली अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला: मायट्रल झडपेचं ऑपरेशन होणारे २६० एएफचे रुग्ण, निम्म्यांचं सोबत ॲब्लेशन केलं, निम्म्यांचं नाही. सहा महिने आणि वर्ष या दोन्ही टप्प्यांवर एएफ नसलेले रुग्ण ॲब्लेशनच्या गटात ६३.२ टक्के आणि दुसऱ्या गटात २९.४ टक्के. दुप्पट फरक आहे, पण शंभरातले सदतीस तरीही सुटले नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलंय. वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये दोन गटांत ठोस फरक नव्हता. ते रुग्ण सरासरी ६९ वर्षांचे होते. आपल्या वॉर्डात असते ती तिशी-चाळिशीतली, लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेली बाई त्या अभ्यासात फारशी नव्हती. म्हणून हे आकडे जसेच्या तसे उचलून तुमच्या आईवर बसवायचे नाहीत.

मग कशावरून ठरवायचं? मी तीन गोष्टी बघतो. कप्पा किती ताणलाय, एएफ किती जुना आहे आणि ईसीजीच्या व्ही-वन पट्टीत थरथरीच्या लाटा कशा दिसतात. कप्पा साडेपाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे गेला, एएफ पाच वर्षांहून जुना झाला आणि पट्टीवरची लाट जवळजवळ सपाट रेघ झाली, तर कप्प्याचा स्नायू संपलाय असं समजायचं. मग तिथे कितीही बांध घाला, वाफ्यात पीकच उरलेलं नसतं. तुमच्या आईचा कप्पा ५.२, एएफ अडीच वर्षांचा. काठावर आहे, पण काठाच्या अलीकडे. ईसीजीची मूळ पट्टी मोबाइलवर फोटो काढून जपून ठेवा. झेरॉक्स नको, त्यात बारीक लाटा उडून जातात.

तोटेही सांगायलाच हवेत. त्याच अभ्यासात पेसमेकर लागण्याचं प्रमाण ॲब्लेशनच्या गटात अडीच पटींहून जास्त होतं. कधी रेषांमुळे नैसर्गिक वीज अडते, कधी ठोका सुरू करणारा सायनस नोड आधीच दमलेला असतो आणि एएफच्या गोंधळात ते झाकलं गेलेलं असतं. गोंधळ थांबला की खालून ३८चा ठोका बाहेर येतो. अशा वेळी मी घाई करत नाही. ऑपरेशनच्या वेळी तात्पुरत्या तारा लावलेल्या असतातच, त्यांवर आठवडाभर तरी वाट बघतो. पुष्कळांचा नोड तेवढ्यात जागा होतो. जागा झाला नाही तर पेसमेकर बसवावा लागतो, आणि त्याचा खर्च कोणी करायचा हे ऑपरेशनच्या आधी विचारलेलं बरं.

खर्चाचं निघालंच आहे तर: महात्मा फुले योजनेत झडप बदलण्याचं ऑपरेशन बसतं. ॲब्लेशनचा चिमटा एकदाच वापरायचा आणि महाग असतो. तो पॅकेजात आहे की वरून भरायचा, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा आणि कागदावर घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट असताना बाहेर नातेवाइकाकडून सही घेण्याचे प्रकार मी पाहिलेत, माझ्या उमेदवारीच्या काळात एका ठिकाणी तर मलाच बाहेर पाठवलं होतं सही आणायला. तेव्हा त्या माणसाच्या हाताला सूत लागलेलं होतं, यंत्रमागावरून तसाच उठून आलेला. त्याने काय लिहिलंय ते न वाचता सही केली. मला अजून ते बरं वाटत नाही.

दुसरा हिशेब झटक्याचा. दिवाळीत तोंड वाकडं होऊन सुटलं, ते सुटलं म्हणून विसरू नका. तो वरच्या डाव्या कप्प्यातून सुटलेला गाठीचा कण असण्याची शक्यता दाट आहे. या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक आंधळी पिशवी असते, तिला अपेंडेज म्हणतात. रक्त तिथे साचतं आणि गोठतं. ऑपरेशनमध्ये ही पिशवी कापून किंवा शिवून कायमची बंद करता येते. २०२१ साली ४८११ रुग्णांचा एक अभ्यास आला. एएफ असलेल्या, इतर कारणाने हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या या रुग्णांपैकी निम्म्यांची पिशवी बंद केली. सरासरी ३.८ वर्षांत झटका किंवा दुसरीकडे गाठ जाण्याचं प्रमाण बंद केलेल्यांत ४.८ टक्के, न केलेल्यांत ७ टक्के. आणि लक्षात घ्या, त्यातले बहुतेक जण रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतच होते. गोळीच्या वर मिळालेला हा फायदा आहे. यांत्रिक झडप बसवणारे रुग्ण त्यात घेतले नव्हते, तरीही झटका येऊन गेलेल्या बाईची पिशवी उघडी ठेवायला माझा हात धजणार नाही. मेझ करा न करा, पिशवी बंद व्हायलाच हवी. पण नीट बंद व्हायला हवी. अर्धवट शिवलेली, आत चिंचोळं तोंड राहिलेली पिशवी म्हणजे गाठीला बांधून दिलेलं घर. टेबलावरच अन्ननलिकेतून इको करून, पडद्यावर रक्तप्रवाहाचा रंग पिशवीच्या आत जाताना दिसतो का ते बघून घेतात.

ही पिशवी बंद झाली तरी गोळी का नाही सुटत? कारण रुमॅटिक आजारात गाठी फक्त पिशवीतच होत नाहीत. साध्या एएफमध्ये दहातल्या नऊ गाठी पिशवीत सापडतात. रुमॅटिक झडपेत जवळपास निम्म्या गाठी पिशवीच्या बाहेर, कप्प्याच्या भिंतीवर असतात. मी स्वतः मागच्या भिंतीवरून मलईच्या सायीसारखे थर सोलून काढलेत.

आणि तिसरा हिशेब, झडपेचा, तर गोळीवर शिक्काच मारतो. ४७व्या वर्षी मायट्रलला सहसा यांत्रिक झडप सुचवतात, कारण जैविक, म्हणजे प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली झडप या वयात दहा-पंधरा वर्षांत खराब होऊन दुसरं ऑपरेशन समोर उभं राहतं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय यांत्रिक झडप १९९० पासून वापरात आहे. कोणतीही यांत्रिक झडप घ्या, एसिट्रोम किंवा वॉरफॅरिन जन्मभर, आणि मायट्रलच्या जागी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, २.५ ते ३.५च्या मध्ये. ठोके घड्याळासारखे झाले तरी.

एका बाईंची आठवण आहे, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या. मेझ छान लागलं होतं. सातव्या महिन्यात घरी कोणी तरी ईसीजी पाहून म्हणालं, आता सगळं नॉर्मल आहे. त्यांनी गोळी बंद केली. पाच आठवड्यांनी मध्यरात्री आल्या त्या बसूनच, आडवं होता येत नव्हतं. यांत्रिक झडपेचा टकटक आवाज, जो शांत खोलीत शेजारच्यालाही ऐकू येतो, तो बंद होता. झडप गाठीने अडकली होती. वाचल्या. चूक त्यांची म्हणता येत नाही, डिस्चार्जच्या वेळी मी ईसीजी दाखवून 'ठोके सरळ झाले' एवढं आनंदाने सांगितलं होतं आणि गोळीचं वाक्य घाईत खाल्लं होतं. तेव्हापासून दोन्ही वाक्यं एका दमात सांगतो.

'ती नवी गोळी द्या, जिला रक्त तपासावं लागत नाही' असंही तुम्ही विचाराल. यांत्रिक झडपेत त्या गोळ्या चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगाट्रानचा तसा प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता. झडप बदलायच्या आधीच्या रुमॅटिक एएफमध्ये तरी चालतील असं आम्हाला वाटायचं. २०२२ साली ४५३१ रुग्णांच्या अभ्यासात रिव्हारोक्साबान ही अशीच नवी गोळी जुन्या गोळीपुढे हरली, जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. त्यात बहुसंख्य बायका होत्या, सरासरी वय पन्नाशीचं. हा अभ्यास मात्र तुमच्या आईसारख्यांचाच आहे.

तिशीच्या आतली, मूल हवं असलेली मुलगी असती तर मी वेगळं बोललो असतो. गरोदरपणात ही गोळी बाळाला धोक्याची, म्हणून तिथे जैविक झडप, मेझ आणि पिशवी बंद, या मार्गाने पुढे कधी गोळी कमी करता येईल का याचा विचार होतो. तो वेगळा विषय आहे.

मेझनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण फोन तेव्हाच येतात. या काळात एएफ परत दिसू शकतो. भाजलेल्या रेषांना सूज असते, व्रण पक्का व्हायचा असतो. याला अपयश म्हणत नाहीत. साधारण दोन-तीन महिने ॲमिओडॅरोन हे ताल सांभाळणारं औषध देतात, गरज पडली तर शॉक देऊन ताल जागेवर आणतात. खरा निकाल सहा महिन्यांनी आणि वर्षाने, चोवीस तासांच्या होल्टरवर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवलेल्या ईसीजीवर. इकोवाल्यांना सांगा की कप्पा आकुंचन पावतो का तेही बघा. पट्टीवर ताल आला म्हणजे भिंत कामाला लागलीच असं नसतं.

ॲमिओडॅरोन सुरू असताना एसिट्रोमचा डोस कमी लागतो, ही गोष्ट फार ठिकाणी निसटते. जुन्याच डोसवर गोळी चालू राहते आणि तिसऱ्या आठवड्यात ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. तपासलं तर आयएनआर सहा. पहिला महिना आठवड्याला एकदा तरी पीटी-आयएनआर करा, एकाच लॅबमध्ये. आणि ॲमिओडॅरोन बंद केलं की उलटा प्रवास सुरू होतो, गोळीचा परिणाम हळूहळू कमी पडायला लागतो, तेव्हाही तपासणी हवी.

जेवणाचं: पालेभाजी बंद करू नका. तुमच्या घरी अंबाडी, मेथी, शेपू होतच असणार. आठवड्याला जेवढी होते तेवढीच होऊ द्या. महिनाभर पाला नाही आणि मग आषाढी संपल्यावर रोज मेथी, असं झालं की आकडा हलतो. अंगदुखीला दुकानातून गोळी घेऊ नका, पॅरासिटामॉलशिवाय काहीही विचारल्याविना नाही.

तर सर्जनना भेटाल तेव्हा एवढं विचारा: अपेंडेज बंद करणार का आणि कसं? मेझ करणार असाल तर पूर्ण रेषा घालणार की फक्त शिरांभोवती? तुमच्या इकोच्या कागदावर उजव्या झडपेची गळती किती लिहिलीय तेही बघा. ती दुरुस्त करायला उजवा कप्पा उघडणारच असतील तर तिकडच्या रेषाही त्याच वेळी होतात. आणि शेवटचं, आपण मेझ वर्षाला किती करता? या प्रश्नाने चिडणारा सर्जन मी तरी टाळेन. हात बसलेला नसेल तर नुसती झडप आणि पिशवी एवढंच नीट करून घेणं हाही चांगला निर्णय आहे.

भरती व्हायच्या आधी आईंना दाताच्या डॉक्टरकडे न्या. मिश्री लावत असतील तर ते तिथे मोकळेपणाने सांगू द्या. किडलेला दात असेल तर तो आत्ताच काढायचा, आणि त्यासाठी एसिट्रोमचं काय करायचं हे दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील, घरी कोणी नाही. नवी झडप बसल्यावर त्याच दातातून जंतू रक्तात गेले आणि झडपेवर बसले, तर मेझ, पिशवी, गोळी यांतलं काहीच कामाला येत नाही.